बडोद्यातले चार संगणक

गुजरात सरकारने २००० साली बडोद्यातल्या महापालिकेच्या शंभर शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. पुढे ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या फार थोड्या शाळांत ते वापरात होते. हे तेच बडोदं, जिथे सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलांना शाळेत आणण्याचा प्रश्न या शहराने शतकापूर्वीच हाती घेतला होता. शाळेत येऊन बसलेल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येते का, हा प्रश्न मात्र देशातल्या इतर शहरांसारखाच तिथेही उरला होता.

‘प्रथम’ ही १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधून उभी राहिलेली संस्था. तिने हे पडून असलेले संगणक हाती घेतले आणि चौथीच्या मुलांसाठी एक साधी व्यवस्था लावली. आठवड्याला दोन तास. एक शाळेच्या वेळात, दुसरा शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर. एका संगणकापुढे दोन मुलं. पडद्यावर गणिताचे गेम. उदाहरणं सुटली की अवकाशात कचरा भिरकावण्याची संधी मिळायची, आणि मग जरा अवघड उदाहरणं समोर यायची. सोबतीला त्याच परिसरातलं कुणीतरी नेमलेलं असे, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं. मुलाच्या आवाक्याच्या किंचित पुढचा गेम त्याला काढून द्यायचा, अडलं तर तेवढ्यापुरतं सांगायचं, आणि फळ्याशी उभं राहून साऱ्या वर्गाला गणित शिकवायचं नाही, एवढंच त्या व्यक्तीचं काम.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी दोन वर्षं याचं मोजमाप केलं. कोणत्या शाळेत गेम जाणार आणि कोणत्या शाळेत नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं होतं, त्यामुळे तुलना निर्भेळ होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात गणिताच्या गुणांतली वाढ दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाणित विचलन इतकी नोंदली आहे. गुणांनुसार शंभर मुलं रांगेत उभी केली, तर बरोबर मधलं मूल सुमारे अठरा जागा पुढे सरकतं, असा त्याचा अर्थ. आठवड्याला फक्त दोन तास, आणि तेही वाटून घेतलेल्या संगणकावर. ही वाढ वर्गातल्या पुढच्या मुलांत दिसली तशीच मागे पडलेल्यांतही दिसली. भाषेच्या गुणांत मात्र काहीच फरक पडला नाही. गेम गणिताचे होते. त्यांनी गणितच शिकवलं.

या आकड्याचा अर्थ कसा लावायचा यावर बरंच अवलंबून आहे. खेळामुळे मूल रमतं, रमलं की शिकतं, आणि शिकलं की गुण मिळतात, ही साखळी सगळ्यांना आवडते. शैक्षणिक अ‍ॅप विकणाऱ्यांना तर फारच. मला तिच्यातली मधली कडी कच्ची वाटते. रमलेलं मूल काहीच न शिकता तासभर रमू शकतं, हे कोणत्याही घरात दिसतं. बडोद्यातल्या त्या दोन तासांत मला निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. एरवी ज्या मुलाला अख्ख्या सत्रात बाईंनी नाव घेऊन दोन-चारदाच काही विचारलं असेल, त्याला तिथे पुन्हा पुन्हा, त्याच्याच आवाक्यातलं, काहीतरी विचारलं जात होतं. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि चूक की बरोबर हे तिथल्या तिथे कळत होतं.

विचारलं जाणं ही शिकण्याची केवढी मोठी वाट आहे, याचा एक लखलखीत पुरावा २००६ सालचा आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचण्यात वेळ घालवला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर तीन वेळा, उतारा न पाहता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तीच चाचणी घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांचं ४० टक्क्यांवर आलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांचं ६१ टक्क्यांवर टिकलं होतं. आपल्या लक्षात जास्त राहील असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होता. परीक्षेच्या आदल्या रात्री तेच पान पाचव्यांदा वाचताना जो आत्मविश्वास येतो, तो हाच.

आपल्या जुन्या शाळांना हे अनुभवातून अर्धं कळलेलं होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची सगळी मांडणी आठवण घासूनपुसून तयार ठेवण्यासाठी होती. पण वर्गाने एका सुरात पाढा म्हणणं आणि मध्येच थांबवून एकट्याला ‘सात नव्वे किती?’ असं विचारणं, यांत मोठा फरक आहे. सुरात म्हणताना शेजारच्याच्या आवाजावर ओठ हलवता येतात. एकट्याला विचारल्यावर आठवावंच लागतं, आणि आठवण्याच्या त्या कष्टातच पाढा पक्का होतो. दुर्दैव असं, की एकट्याला विचारणं आणि छडी या दोन गोष्टी आपल्याकडे फार काळ जोडीने आल्या. प्रश्न म्हटलं की पोटात गोळा येणं ही पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेली गोष्ट आहे.

परीक्षाही विचारतेच की. मग गेमने जे साधलं ते परीक्षेने का साधत नाही? विचारण्यानंतर जे घडतं, त्यात याचं उत्तर असावं. वार्षिक परीक्षेचा पेपर मुलाच्या हातातून गेला की गेलाच. तो परत आला तर काही आठवड्यांनी, वर लाल शाईत एक आकडा घेऊन. पुष्कळदा तोही नाही, नुसतं प्रगतिपुस्तक. कुठे घसरलो, कसं घसरलो, तेच उदाहरण पुन्हा करून बघू का, याला तिथे जागा नाही. शिवाय तो आकडा वर्गासमोर वाचला जातो, घरी विचारला जातो, शेजारच्या मुलाच्या आकड्याशेजारी ठेवला जातो. गेममध्ये चुकलेल्या उत्तराची किंमत काही सेकंदांची असते. कुणी हसत नाही, आणि तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा समोर येतो. म्हणून गेम आणि परीक्षा यांना मी परस्परांचे विरोधक मानत नाही. चांगला शैक्षणिक गेम ही एक परीक्षाच असते, फक्त तिच्यातून लाज काढून टाकलेली असते. गेममुळे गुण वाढतात तेव्हा मुलाने खेळलं याहून, त्याने शेकडो छोट्या परीक्षा न घाबरता दिल्या, हे मला अधिक खरं कारण वाटतं.

आता त्या अवकाशातल्या कचऱ्याकडे वळतो, कारण तो मला बराच काळ खटकत आला आहे. उदाहरण सोडव, मग कचरा फेकायला मिळेल. गणित आणि मजा यांचा इथे एकमेकांशी काही संबंध नाही. मजा हे गणित गिळल्याचं बक्षीस आहे. बक्षिसांबद्दल मानसशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तो प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतली, रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी लहान मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि लाल फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. त्यांना ते दिलंही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच पेन मोकळेपणी ठेवले, तेव्हा बक्षिसासाठी चित्र काढलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. आवडीचं काम मोबदल्याचं काम झालं होतं.

शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक मला या संदर्भात फार जवळचं वाटतं. तेही गुजरातेतलं, आणि त्यातला वर्गही चौथीचाच. एक शिक्षक गोष्टी आणि खेळ यांतून वर्षभर शिकवण्याचा प्रयोग मागून घेतो, आणि शिक्षणखात्याचा अधिकारी त्याला वर्षअखेरच्या परीक्षेची आठवण करून देतो. मराठी मुलखाला हा विचार परका नाही. गिजुभाईंबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेला. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी तो आयुष्यभर सांभाळला. या परंपरेत खेळ म्हणजे अभ्यासानंतरचा खाऊ नव्हता. मणी मोजणं, ओंजळीने पाणी मापणं, पानं लावणं हाच खेळ आणि हाच अभ्यास. संगणकाच्या पडद्यावर हे जमतं का?

जमतं, आणि त्याचा सर्वांत सुरेख दाखला इंग्लंडमधला आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ यांचा ‘झोम्बी डिव्हिजन’ हा गेम भागाकार शिकवतो. अंधाऱ्या दालनांतून सांगाडे चालून येतात आणि प्रत्येकाच्या छातीवर एक संख्या असते. खेळणाऱ्याच्या हातातला प्रत्येक वार एकेका भाजकाचा असतो. १८ चा सांगाडा दोनच्या वाराने कोसळतो, तिनाच्याही. पाचाच्या वाराने त्याला ढिम्म काही होत नाही आणि तो उलटा अंगावर येतो. काही संख्यांना हातातल्या कोणत्याच वाराने भाग जात नाही, त्यांच्या वाटेला जाऊ नये हे कळणं हीसुद्धा विद्या. इथे भागाकार हाच तलवारीचा हात आहे. त्याच गेमची दुसरी आवृत्ती त्यांनी मुद्दाम केली. तिच्यात लढाई तशीच, पण सांगाडे संख्यांविना, आणि भागाकाराची तीच उदाहरणं टप्प्याच्या शेवटी प्रश्नमंजूषा म्हणून. दोन्हींचा वेळ सारखा ठेवला, तेव्हा पहिल्या आवृत्तीतल्या मुलांना भागाकार अधिक आला. आणि कोणती आवृत्ती खेळायची हे मुलांवर सोपवलं, तेव्हा ती पहिल्या आवृत्तीत सातपट वेळ रमली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने मला खरोखर आनंद झाला. गणित लपवलं तरच मुलांना चालतं, असं समजून कितीतरी गेम बनवले जातात, आणि इथे तर छातीवर संख्या मिरवणारा सांगाडाच मुलांना अधिक आवडला.

तरीही गोष्ट इतक्यावर सुटत नाही. नॉर्वेत २०१२ साली आलेला ‘ड्रॅगनबॉक्स’ हा बीजगणिताचा गेम याच जातीचा. पडद्याच्या दोन बाजूंना चित्रांचे पत्ते. एक पेटी एका बाजूला एकटी उरवायची. एका बाजूला जे कराल ते दुसऱ्या बाजूलाही करावं लागेल. हळूहळू चित्रांच्या जागी अक्षरं आणि आकडे येतात, आणि मूल समीकरण सोडवू लागलेलं असतं. कल्पना इतकी देखणी, की पाहताक्षणी पटावी. पण पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका साध्या शिकवणीच्या सॉफ्टवेअरशी तिची तुलना केली. ड्रॅगनबॉक्स खेळणाऱ्यांनी कितीतरी जास्त कोडी सोडवली, त्यांना मजाही जास्त आली. नेहमीच्या रूपात समीकरणं पुढे ठेवल्यावर मात्र शिकवणीचं सॉफ्टवेअर वापरलेली मुलं सरस ठरली.

दिल्लीच्या बालवर्गांतही याच जातीचा अनुभव आला. डुफ्लो आणि मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की यांच्या चमूने पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांना कमी-जास्त ओळखण्याचे, आकार ताडण्याचे खेळ दिले. हे संगणकावरचे नव्हते, हातात घेऊन खेळायचे होते. मुलांची अंकांची आणि आकारांची उपजत जाण वाढली, आणि वर्ष उलटून गेल्यावरही वाढलेलीच राहिली. पण हीच मुलं पहिलीत गेली, तेव्हा शाळेच्या गणितात त्यांना कोणताच फायदा दिसला नाही. जाण होती, ‘७ + ५ =’ असं लिहिलेलं होतं, आणि दोहोंना जोडणारा पूल कुणी बांधलेला नव्हता.

मला वाटतं, गेमकडून गुणांची अपेक्षा करणाऱ्याने सर्वांत जास्त विचार या पुलाचा करायला हवा. खेळातली कृती आणि पेपरातली कृती यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहून ‘तू मघाशी पेटी एकटी पाडलीस ना, तेच इथे क्ष साठी करायचं आहे’ असं म्हणावं लागतं. हे काम शिक्षकाचं आहे आणि ते कोणत्याही अ‍ॅपच्या जाहिरातीत नसतं. बडोद्यात संगणकाशेजारी एक माणूस होता, हा तपशील म्हणूनच मला किरकोळ वाटत नाही. दोन मुलांना एकच संगणक होता हाही नाही. शेजारी बसलेल्याला आपण असं का केलं हे सांगावं लागलं, की हाताने केलेली गोष्ट तोंडात शब्द होऊन येते, आणि शब्दांत आलेली गोष्ट कागदावर उतरायला सोपी जाते.

संगणकाने शिक्षकाची जागाच घेतली तर काय होतं, याचं उत्तरही गुजरातेतलंच आहे. अहमदाबादच्या ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत लिंडन यांनी दोन रीती तपासल्या. एकीत संगणकावरचा सराव शाळेच्या वेळातून, नेहमीच्या शिकवण्यात काटछाट करून दिला. दुसरीत शाळेनंतर, वरचा म्हणून. शाळेनंतरच्या मुलांचे गुण ०.२८ प्रमाणित विचलनाने वाढले. शाळेच्या वेळात संगणकावर बसवलेल्यांचे ०.५७ ने घटले. सॉफ्टवेअर तेच, संस्था तीच. ज्ञानशालेचं शिकवणं चांगलं होतं, आणि चांगल्या शिकवण्यातला वेळ काढून घेतल्यावर मुलांचं नुकसान झालं. वर्गांत टॅब्लेट वाटून झाल्याची छायाचित्रं छापून येतात, तेव्हा तो टॅब्लेट मुलाच्या दिवसातला कोणता तास घेणार, हे बातमीत कुठेच नसतं. पहिला प्रश्न तोच असायला हवा.

बडोद्याच्या आकड्याचा उरलेला भागही सांगायला हवा. गेम बंद झाल्यानंतर वर्षभराने पुन्हा मोजलं, तेव्हा ०.४७ ची वाढ साधारण ०.१० वर आली होती. अठरा जागा पुढे गेलेलं मूल आता चारच जागा पुढे होतं. यावरून सगळं फुकट गेलं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चौथीत आठवड्याला दोन तास विचारलं गेलेलं मूल पाचवीत पुन्हा न विचारलेलं मूल झालं, तर विसरणार नाही तर काय? हर्मन एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून विसरण्याचा आलेख काढला, तेव्हापासून हे माहीत आहे. सराव थांबला की आठवण घसरते, थोड्या थोड्या अंतराने पुन्हा चाळवली की टिकते. आणि त्याच शोधनिबंधात दुसरा एक उपायही मोजलेला आहे. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी, ‘बालसखी’, मुंबई आणि बडोद्याच्या शाळांतून मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची. तिच्यामुळे दुसऱ्या वर्षी गुण ०.२८ ने वाढले, आणि खर्च संगणकाच्या तुलनेत फारच कमी. मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर. संगणकाचा पंधरा डॉलरच्या वर. तंत्रज्ञानाचा मला तिटकारा नाही, पण हे दोन उपाय शेजारी ठेवल्यावर बालसखीचं नाव इतकं कमी का ऐकू येतं, याचं वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा निकाल दिल्लीचा आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंह आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी तिथे ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरची तपासणी केली आणि ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. सहावी ते नववीची मुलं शाळेनंतर केंद्रावर यायची, अर्धा वेळ पडद्यावर आणि अर्धा वेळ छोट्या गटात शिक्षकाकडे. पडद्यावर प्रश्न, खेळ, चित्रफिती. आणि मुख्य म्हणजे मुलाच्या उत्तरांवरून त्याची खरी पायरी ओळखून तिथूनच सुरुवात. सहावीतलं सर्वसाधारण मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाणित विचलनाची वाढ झाली. ही वाढ संशोधकांनी स्वतः घेतलेल्या चाचणीतली, जिच्यात खालच्या इयत्तांचे प्रश्नही होते. शाळेच्या परीक्षेत हिंदीचे गुण वाढले. गणिताचे वाढले नाहीत.

त्या मुलाने काय केलं होतं ते डोळ्यांपुढे आणून पाहा. सहावीत बसून तो तिसरीची वजाबाकी शिकला, मग चौथीचा भागाकार. वर्षानुवर्षं जे जमलं नव्हतं ते साडेचार महिन्यांत जमलं. आणि वार्षिक परीक्षेने त्याच्यासमोर सहावीचा पेपर ठेवला, गुणोत्तर आणि दशांश अपूर्णांकांचा, ज्याच्यात त्याने नव्याने कमावलेल्या गोष्टीबद्दल एकही प्रश्न नव्हता. तो जिथे होता आणि जिथून निघाला होता, ती दोन्ही ठिकाणं त्या पेपराच्या लेखी एकच. त्याच्या शाळेने तो निकाल पाहून गेमचा उपयोग झाला नाही असं म्हटलं असतं, तर कागदोपत्री ते खोटं ठरलं नसतं. म्हणून गेम लावल्यावर गुण वाढले का असं विचारण्याआधी, कोणत्या पेपरातले गुण, हे विचारायला हवं. आणि मुलाला त्याच्या पायरीवरचा निदान एक पेपर वर्षातून दोन-तीनदा द्यायला शाळेला कुणाच्या परवानगीची गरज आहे, याचंही उत्तर मागायला हवं.